पाचवं रीळ

खण्ण! स्वयंपाकघरात वाटी पडली, गोल गोल फिरली आणि निवांत झाली. कपाटावर बसल्या बसल्या मी दचकलो.

मित्रांनो, मी एक जुना, पेटीत मावणारा सिनेमाचा प्रोजेक्टर आहे. ऑपरेटरकाका मला घेऊन शाळाशाळांतून हिंडत. मी दिसलो की पोरं नाचायची. तेव्हा मी भारी तोऱ्यात असे.

एकदा अनाथाश्रमात आम्ही दोन पोरक्या भावंडांचा सिनेमा नेला. आई गेल्यावर ती परागंदा बापाला शोधत भटकतात. चौथ्या रिळाच्या शेवटी एक दार उघडतं आणि दोघं हसतात. पाचव्या रिळात कळतं, की तिथे भलताच माणूस राहतो. बाप केव्हाच वारला.

काकांनी पाचवं रीळ डब्यातून काढलंच नाही. "नको रे बाबा, या लेकरांना नको. इथंच गोड करू," ते पुटपुटले. टाळ्या पडल्या. मलाही बरं वाटलं, हेच मला आज खातं.

माझ्या पुढ्यात दहा वर्षांचा एक भाऊ आणि त्याची धाकटी बहीण बसली होती.

"बघितलंस, चिमणे? शोधलं की सापडतात. आपले बाबा पण सापडतील."

"मी पण येते."

"तू? कोपऱ्यापर्यंत जाऊन म्हणशील, दादा, कडेवर घे! मीच आणतो त्यांना."

दुसऱ्या दिवशी तो निघून गेला. आश्रमाच्या बाईंनी पोलिसांत कळवलं, शोधाशोध झाली, पण तो मिळाला नाही. काकांनी पुन्हा मला हात लावला नाही. म्हातारपणी त्यांनी मला आणि ते पाचवं रीळ संसाराला लागलेल्या चिमणीच्या घरी पोचवलं. न दाखवलेला शेवट तिला सांगून "पोरी, माझं चुकलं," एवढंच म्हणाले. चिमणीने मला कपाटावर ठेवलं.

आज वाटी पाडली ती चिमणीच्या लेकीने. ओरडा बसायच्या आत तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "आई, त्या पेटीत काय आहे गं?"

चिमणी खाली बसली. लेकीला मांडीवर घेऊन तिने सगळं सांगितलं, काहीही न गाळता.

मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांची धूळ पुसा, तेलपाणी करा, पण त्याआधी माझं एक ऐका. लहानांना गोष्ट सांगाल तर शेवटापर्यंत सांगा. शेवट वाईट असेल तर त्यांना जवळ घेऊन सांगा, पण अर्ध्या गोष्टीच्या भरवशावर कुणाला घराबाहेर पडू देऊ नका.

 लेकीने आईची हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"मग तू मोठी झाल्यावर मामाला शोधायला का नाही गेलीस?"