वाळूबाबाचा न्याय

तळवड्याच्या कारखान्यांमागं इंद्रायणीत पोटरीभर पाण्यात वाळूबाबा उभा होता आणि काठावर शंभरेक माणसं हात जोडून. कामाच्या दिवशी, शिफ्ट बुडवून! मशीनवर केसभर फरक हेरणारी ही माणसं अक्कल चपलांशेजारी काढून ठेवून आली होती. सुमनताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नदीमाय न्याय करते!" बाबा गरजला. "करणी करणारीचे पाय ती गिळते. निर्दोष माणूस माझ्यासारखा ठाम!"

सुमनताईंच्या शेजारणीवर, दिपालीवर करणीचा आळ होता. तिच्या पुतण्याचा ताप दहा दिवस उतरत नव्हता. दवाखाना सोडून त्या तान्ह्याला इथं उन्हात आणलेलं. दिपालीचे पाय रुतले, तर तिला कायमचं माहेरी धाडायचं, असं सासू सावित्रीबाईंनी ठरवलं होतं. नवरा ज्योतीराम काठावर मान खाली घालून उभा.

बाबानं आधी सावित्रीबाईंना आपल्याशेजारी उभं केलं. पाय जागच्या जागी! मग दिपालीला दोन हात पलीकडं. पाणी गढूळ, तळ दिसत नव्हता. बाबाची तेवढीच सोय. बघता बघता पोटरीचं पाणी तिच्या गुडघ्याकडं चढलं.

"गिळलं!" गर्दी ओरडली. दिपाली रडायला लागली.

सुमनताई पदर खोचून पाण्यात शिरल्या. "सावित्रीबाई, कंपनीच्या सहलीला आपण अलिबागला गेलो होतो. लाटांत उभ्या होतात तेव्हा काय झालं होतं?"

"पाय... रुतलं व्हतं."

"मग तेव्हा कुणावर करणी केली होती तुम्ही?"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"मी गुहागरची. आमची पोरं रोज हा खेळ खेळतात. लाट असो की नदी, पाणी पायाला अडलं की जोरात वळसा घालतं, भोवरे होतात आणि टाचेखालची वाळू उचलून पुढं नेतं. खड्डा पडतो, पाय आत जातो. पापाचा काय संबंध?"

"मंग आमचं कसं न्हाई रुतलं?" सावित्रीबाईंनी विचारलं.

"बाबा, दोन पावलं सरका."

"माझी समाधी मोडेल!"

"मोडू द्या!" सुमनताईंनी त्याला ढकललं, सावित्रीबाईंना बाजूला घेतलं, पाण्यात हात घातला आणि एक सरळ कड उचलून धरली. शहाबादी फरशी! दोघं तिच्यावरच उभी होती; खालची वाळू हलणार कशी? बाबा शिव्याशाप देत राहिला, तोवर त्याच्याही टाचा रुतल्या. पळायला गेला आणि तोंडावर आपटला.

ज्योतीरामनं हात पुढं केला. "दिपाली, चल घरी."

"मी रुतत होते तेव्हा हा हात कुठं होता?" ती म्हणाली. स्वतःच बाहेर आली, जावेच्या मांडीवरून पोराला उचललं आणि दवाखान्यासाठी रिक्षा थांबवली. रक्तात टायफॉइड निघाला. आठवड्यात पोरगं खेळायला लागलं. ज्योतीरामकडं मात्र तिनं अजून उत्तर मागणं सोडलेलं नाही.

वाळूला करणी कळत नाही, पाण्याला सून कळत नाही. तेव्हा ताप आला तर रक्त तपासा, बाईला पाण्यात उभं करू नका. आणि तुमच्याकडं कुणी असा न्याय करायला आलाच, तर आधी त्याला दोन पावलं सरकायला सांगा.