सरदारबीची जागा

"इनुस, अजून एक फाळ आत घे," बांधावर उभा ऱ्हाऊन मच्छिंद्रआण्णा म्हनला, आन् इनुस मुलाण्यानं ट्रॅक्टरच बंद केला.

चैताचं ऊन डोक्यावर आलं व्हतं. मी शेजारच्या वावरात कांदं काढत व्हते. धडधड थांबली तशी मान वर केली. आण्णा छत्री धरून बांधावर, आन् इनुस दोन्ही हात स्टेरिंगवर ठेवून समोर बघत बसलेला. समोर मुलाण्यांचं कबरस्तान.

"काय झालं? डिझेल संपलं का?"

"डिझेल हाय, आण्णा. रान संपलं."

"एका फाळानं काय हुतंय रं? सरी सरळ येत न्हाई म्हनून म्हनतोय. ऊस लावला की वाकडा दिसतो."

"वाकड्या सरीतला ऊस काय कारखाना परत धाडतोय का?"

आण्णा हसला. गोष्ट हसन्यावारी न्यायची त्याची जुनी सवय. "आरं, दर साली एकेक फाळ तूच घेतोस की. आज काय झालं?"

"दर साली मोकळं रान व्हतं. आता म्होरं अम्माची जागा हाय."

ह्याच्यावर आण्णानं छत्री खांद्यावर टाकली, "उद्या बघू" म्हनला आन् घराकडं चालायला लागला. इनुस तसाच बसून ऱ्हायला.

मी धुरपदा. माझं घर ह्या दोघांच्या घरांच्या मधी, त्यामुळं कुनाच्या चुलीवर काय शिजतंय ते मला वासानं कळतं. इनुसचा बाप कासमभाई मेला तवा त्याच्या म्हातारीनं, सरदारबीनं, कबरीच्या शेजारी चार दगडं मांडली, मधी सबजाचं रोप लावलं आन् "ही माझी" म्हनून सांगून टाकलं. जलमात तिनं दुसरं काय मागितल्यालं मी तरी ऐकलं न्हाई. दर शुक्रवारी तांब्या घेऊन जायची, एक धार नवऱ्याच्या सबजाला, एक आपल्या.

आन् आमच्याकडं बांध कोरायची खोड तुमाला ठावं हायच. एकदम कुनी खात न्हाई. साली एक फाळ, बास. भाऊ भावाचा कोरतो, चुलता पुतन्याचा. पन तिथं निदान भांडान हुतं, मोजनी येती, डोकी फुटत्यात. कबरीतल्या मानसांनी कुठं जाऊन मोजनी मागायची? कासमभाईची कबर मधल्या अंगाला व्हती. आता ती बांधाला आली, आन् मधी ऱ्हायली निस्ती सरदारबीची चार दगडं.

मच्छिंद्रआण्णाची आई विठाबाई आन् ही सरदारबी, दोघी एकाच साली नांदायला आल्या. बहात्तरच्या दुष्काळात दोघी आन् मी, एकाच रस्त्यावर खडी फोडायला व्हतो. एका भाकरीचं तीन तुकडं व्हायचं. रातीला तिघींत एक वाकळ. विठी झोपेत पसरायची आन् सरदारी सकाळी मातीत सापडायची. "विठे, तुला आख्खा तालुका दिला तरी पुरायचा न्हाई," ती म्हनायची. तवा कोन मराठा आन् कोन मुलाणी, पोट सगळ्यांचंच पाठीला लागल्यालं.

मग भीमेवर मोटारी बसल्या, पाईपलाईनी आल्या. पानी आलं म्हनून गावानं पेढं वाटलं, मुलाण्यांनी बी खाल्लं. पन पान्याला जमीन लागती. विठाबाईच्या नवऱ्याचं माळरान भिजलं आन् दोन सालात ऊस उभा ऱ्हायला. ऊस आला म्हनून कारखान्याचं सभासद झालं, सभासद झालं म्हनून सोसायटी मिळाली, सोसायटीतनं डेअरी, डेअरीतनं पंचायत. एकाला एक लागून येत गेलं. नातू स्वराज पुन्याला इंजेनेर व्हायला गेला.

आन् मुलाण्यांच्या नावावर जमीन म्हंजी ती कबरस्तानाची तेवढी. जित्यापनी न मिळनारी. कासमभाई जत्रंला गावाची बकरी कापायचा, आन् त्याचं बलुतं म्हनून खळ्यावर पायली-दोन पायली जवारी मिळायची. ऊस आला तशी जवारी गेली, जवारीसंगं खळं गेलं. आता उसाला कुठनं आलंय खळं? बलुतं कुनी बंद केलं न्हाई. ते आपल्या पायानं निघून गेलं, आन् इनुस आण्णाच्या ट्रॅक्टरवर बसला. नातू सैफ दौंडला गॅरेजात लागला, मोठ्या गाड्यांखाली उताना झोपून कमवायला.

आता आण्णा काय वाईट मानूस न्हाई. ईदंला पयला शिरखुर्मा प्यायला तोच येतो. तेच तर खरं दुखनं हाय. वाईट असता तर शिव्या तरी देता आल्या असत्या.

त्या दिशी तिन्हीसांजंला मी सरदारबीच्या अंगनात टेकले व्हते. तिचा दमा त्या साली लई वाढलेला. इनुस आला आन् हातपाय धुवायला लागला.

"ट्रॅक्टर बंद केलास म्हनं?" म्हातारीनं इचारलं.

"कुनी सांगितलं?" त्यानं माझ्याकडं बघितलं. मी कांद्याची पात निवडत बसले.

"उद्या जा आन् घाल नांगर."

"अम्मा, तुझी दगडं मी उपटू?"

"तू न्हाई उपटलीस तर आण्णा बिहारचा भैय्या आनंल. गोठ्यावर दोन आनल्यात न्हवं? त्याला ठावं बी नसंल कुनाची हायती. तुझ्या हातानं निघूदेत."

"मग तुला ठिवू कुठं?"

"आधी मरूदे तर मला," ती म्हनली आन् खोकायला लागली. खोकला थांबल्यावर डोळं पुसत म्हनली, "मेल्यांसाठी जित्यांनी उपाशी ऱ्हायचं नसतं, बाबा. जाने दे."

इनुसच्या घरात बायको, लग्नाची पोरगी आसमीन, आन् ट्रॅक्टर सोडला तर हातात दुसरं काय न्हाई. जेवला आन् भिताडाकडं तोंड करून पडला. मला मात्र राहवलं न्हाई. पाठच्या दारानं विठाबाईकडं गेले आन् सगळं तिच्या कानावर घातलं.

विठाबाईचा घरात मान लई, सत्ता काय न्हाई. देवघरातल्या देवागत. पन दुसऱ्या दिशी सकाळीच काठी टेकत टेकत म्हातारी बांधावर हजर. साखरंनं पाय सुजल्यालं, दोन ठिकानी बसून आली. इनुसनं नांगर खाली सोडलेला, फाळ त्या दगडांपसनं हातभर लांब.

"मच्छिंद्रा, थांबीव ते."

"आई, तू कशाला उनात आलीस?"

"मी मेल्यावर माझी समाधी कुठं बांधनार हाईस?"

"सकाळसकाळी काय बोलनं हे."

"सांग की. तुझ्या बापाची विहिरीवर बांधलीस. माझी कुठं?"

आमच्यातली जमीनवाली मानसं मेल्याला जाळत्यात, राख भीमेत सोडत्यात, आन् वर आपल्याच वावरात समाधीचा वटा बांधत्यात. वट्यावर तुळस, फोटू. ज्याचं रान भिजतं त्याच्या आईबापाच्या समाध्या. माझ्या नवऱ्याची कुठं हाय इचाराल तर कुठंच न्हाई.

"तू म्हनशील तिथं बांधतो, आई," आण्णा म्हनला.

"मग हितं बांध. ह्या बांधावर. आईच्या समाधीवरनं तर नांगर घालनार न्हाईस न्हवं?"

आण्णानं कान धरलं. चार मानसांत आईनं बोलल्यावर त्याला दुसरं काय करता येनार? "शब्द दिला, आई. हितंच बांधतो." इनुसनं नांगर उचलला आन् ट्रॅक्टर वळवला. दगडं जिथल्या तिथं ऱ्हायली.

दुपारी दोघी म्हाताऱ्या माझ्या पडवीत. विठाबाईचं तोंड नव्या नवरीगत फुललेलं.

"सरदारे, तुझी जागा पक्की केली बघ. मी बांधावर राखनीला बसते, तू आत निवांत झोप."

"तू राखनीला? खडी फोडायला व्हतो तवा तुझ्या उशाची भाकर कुत्रं घिऊन गेलं, तरी घोरत व्हतीस."

"आता न्हाई घोरत. आता झोपच येत न्हाई."

"बघू तर आधी कोन जातंय."

"मीच. मला साखर हाय, तुला निस्ता दमा."

असं हसत्यात बायका मरनावर. मी बी हसले. मला वाटलं, चला, एवढं तरी धड झालं.

वैशाखात विठाबाई गेली. तिचंच खरं झालं. अख्खा तालुका लोटला, गाड्यांची रांग पार डांबरीपतुर. दहाव्याला कीर्तनकार आला, गावजेवान झालं. पान्याचं टँकर इनुसनं वढलं, पत्रावळ्या त्यानंच उचलल्या. सरदारबी एका कडंला बसून व्हती. पदर डोळ्याला लावला की काढायची न्हाई.

आन् आण्णा शब्दाला जागला. तेवढं त्याला कुनी नाव ठेवायचं न्हाई. आधी निस्ता वटाच बांधायचा ठरलं व्हतं. मग स्वराज सुट्टीला आला आन् त्यानं काम्प्युटरवर चित्र काढलं. वट्याला पायऱ्या पायजेत. वर पत्र्याची सावली. मानसं दर्शनाला येनार, तर बसायला बाकडी, चपला काढायला फरशी. चित्र लई देखनं. पन एवढं सगळं उसाच्या अंगाला पसरायचं म्हंजी दोन सऱ्या जानार. बांधाच्या पलीकडं काय, मोकळंच हाय.

पाया खांदला त्या दिशी इनुस वरवंडला फरशा आनायला गेल्याला. ट्रॉली घेऊन माघारी आला, तर सबजाचं रोप मातीच्या ढिगावर उपटून पडलेलं, आन् चारी दगडं पायाच्या भरावात गेलेली. गवंड्याला काय म्हाईत? दगड दिसला, घातला.

"आण्णा, अम्माची जागा गेली," इनुस म्हनला. मी तिथंच फरशा उतरायला व्हते, माझ्या कानानं ऐकलंय.

"आरं, आईनंच जागा दाखवली न्हवं? तू बी व्हतास की तवा."

"विठामावशीनं ही जागा राखायला सांगितलं व्हतं."

"मग राखतोच की. आता हितनं एक फाळ बी पुढं जायचा न्हाई कंदी." आण्णाच्या डोळ्याला पानी आलं. खरंखुरं पानी, सांगते. "सरदारमावशीला म्हनावं, काळजी नको. वढ्याच्या अंगाला पडीकच हाय की तुमचं."

आईच्या नावानं रडनाऱ्या मानसाशी भांडायचं कसं? इनुसनं फरशा उतरल्या. कुंपनानंच शेत खाल्लं, आन् कुंपन घालायला सांगनारी आता राख हुन भीमेतनं गेली व्हती.

सरदारबीनं हट्ट धरला, मला बघायचंय. मी तिला हाताला धरून नेलं. बांधकाम पुरं झालेलं, गुळगुळीत फरशी, वर विठाबाईचा मोठा फोटू, गळ्यात हार. म्हातारी पायरीवर टेकली. फरशीवरनं हात फिरवला. फोटूकडं बघितलं.

"विठे," ती म्हनली, "अजून तुझी पसरायची खोड गेली न्हाई बघ."

आन् हसली. मग खोकल्याची ढास लागली, ती काय केल्या थांबंना. मी पाठ चोळत बसले. रडू मला आलं, तिला न्हाई. जाताना तिनं नवऱ्याच्या सबजाला तेवढं पानी घातलं. दुसरी धार कुठं घालायची ते तिला सुचलं न्हाई, तांब्यात तशीच घरी आनली.

आखाडात ती गेली. पाऊस उघडलेला, ढगाळ व्हतं. मुलाण्याची चार घरं, त्यांची मानसं पहारी घेऊन वढ्याच्या अंगाला गेली. तिथं निस्ता खडक. पहार हानली की ठिनग्या. दुपार हुईपतुर गुडघाभर सुदिक खांदून झालं न्हाई. मऊ माती सगळी वरच्या अंगाला, आन् तिथं एकतर जुन्या कबरी न्हाईतर फरशी. इनुस पहारंवर रेलून उभा ऱ्हायला. हातातनं रगत येत व्हतं.

सैफनं दौंडावरनं फोन केला, "हितं आना आजीला, हितली मानसं जागा देत्यात." आता दुसरा इलाज न्हवता. मयत किती येळ ठेवनार?

आण्णाला कळलं तसा तो धावत आला. आपली पिकअप दिली, डायवर दिला, डिझेलचं बी नाव काढू दिलं न्हाई. सोता खांदा दिला. गावाला आजून त्याचं कवतिक हाय. म्हनत्यात, मुलाण्याच्या म्हातारीसाठी कोन करतंय एवढं?

मी गाडीमागं येशीपतुर गेले. बायकांना पुढं न्हेत न्हाईत. जलमभर ह्या गावाच्या मातीत राबली, आन् निजायला गेली दौंडला, जिथं आजूबाजूचं एक मानूस तिच्या वळखीचं न्हाई. कासमभाई हितं, ती तिथं, मधी एवढाला रस्ता. त्या दिशी मला कुनाशीच बोलू वाटलं न्हाई, देवाशी बी.

दुसऱ्या दिशी सकाळी ट्रॅक्टर चालू झाल्याचा आवाज आला. उसाची लागन आलेली, सरी पाडायची ऱ्हायली व्हती, वाफसा, म्हंजी रानाची बेताची ओल, निघून चालला व्हता. मी बांधावर गवात काढत व्हते. इनुसच्या हाताला फडकी बांधल्याली. सरी पाडत पाडत तो बांधाच्या कडंला आला, समाधीपाशी. आण्णा पायरीवर उभा, तुळशीला पानी घालत व्हता.

"इनुस," तो म्हनला, "वळताना जरा बेतानं. समाधीपसनं चार हात जागा सोड."

"व्हय, आण्णा," इनुस म्हनला.

आन् त्यानं सोडली. नीट अदमास घिऊन, एक सरी कमी पाडून, चार हात सोडली. तवाच्यान ती तशीच हाय, तिथं गवात उगवतं, मी काढते. सरदारबीला साडेतीन हातच लागनार व्हते.