पुसलेला तीळ

मित्रांनो, मी ब्रश आहे, पण भिंती रंगवणारा नव्हे. माझी काडी पेन्सिलीहून बारीक आणि टोकाला खारीच्या शेपटीचे मोजकेच केस. फोटो स्टुडिओच्या टेबलावर, कान तुटलेल्या कपात माझा मुक्काम. पूर्वी मी तिथे ऐटीत उभा असायचो. आता मान खाली घालून असतो.

माझे काम साधे होते. निगेटिव्हमध्ये सगळे उलटे दिसते. काळा तीळ तिथे पांढरा ठिपका होतो. मालक मला शाईत बुडवून त्या ठिपक्यावर अलगद टेकवायचे, की छापलेल्या फोटोत तीळ गायब. कुणाच्या मुरमांचे डाग, कुणाचे व्रण मी असेच पुसले. गिऱ्हाइके मालकांच्या हाताचे कौतुक करत आणि कपात मी फुशारून जात असे.

मालकांची धाकटी बहीण, सगळे तिला बारकी म्हणत. तिच्या डाव्या गालावर, कानाजवळ एक तीळ होता. शाळेतली पोरे 'माशी बसली, हाकल' म्हणून तिला चिडवत. शाळेच्या फोटोसाठी ती रडवेली होऊन आली, तेव्हा मालकांनी मला उचलले आणि तिचा तीळ आम्ही पुसून टाकला. भावाने मायेपोटीच केले ते. पण तेव्हापासून बारकी गालावर केस ओढून घेऊ लागली. पुढे नोकरीचा फोटो, लग्नाचा फोटो. तीळ डोकावला रे डोकावला, की मी हजर.

वर्षे सरली, काम संगणकावर गेले आणि मला कुणी विचारेना. एकदा बारकी स्टुडिओत बसली असता पंख्याच्या वाऱ्याने तिचे केस उडाले आणि मालक चमकले. तीळ पसरला होता. कडा वेड्यावाकड्या, रंग कुठे काळा तर कुठे तपकिरी. बरेच दिवस तिला ते ठाऊक होते, पण कुणाला दाखवायची लाज वाटत होती. मालक तिला तसेच डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी भिंगातून पाहिले आणि आधीचा तीळ दिसेल असा जुना फोटो मागितला. फोटोंना काय तोटा, आमचा धंदाच तो, असे मालक मोठ्या ऐटीत सांगून आले.

मग अल्बम निघाले. शाळेतली बारकी, नोकरीवाली बारकी, नवरी झालेली बारकी, आणि एकाही गालावर तीळ नाही. निगेटिव्हवरही माझी शाई वाळून बसलेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बारकी हळूच म्हणाली, "दादा, तू पहिल्यांदा पुसलास ना, तेव्हाच मला वाटलं, हे कुणाला दाखवायचं नसतं."

मालक अल्बम मिटून जुने डबे उपसू लागले. मला तर मेल्याहून मेल्यासारखे झाले.

शेवटी बाद फोटोंच्या डब्यात एक निगेटिव्ह सापडली. बारकीने ऐन वेळी डोळे मिटल्याने तो फोटो फुकट गेला होता, म्हणून त्याला मी शिवलो नव्हतो. त्यात तीळ होता, गोल, मोहरीएवढा. मालकांनी ती छापून नेली. बाईंनी तो फोटो तिच्या गालाशी धरला आणि म्हणाल्या, "बदललाय. आता थांबायचं नाही." हे मालकांनीच नंतर स्टुडिओत सांगितले. तीळ काढला. तपासणीत कर्करोग निघाला, पण अजून कातडीच्या वरच्या थरातच होता. बारकी वाचली. आणखी उशीर झाला असता तर, हा विचार मनात आला की अजूनही माझे चार केस थरथरतात.

मित्रांनो, बहुतेक तीळ बिचारे निरुपद्रवी असतात. पण एखादा वाढू लागला, कडा बिघडल्या, रंग बदलला, खाज सुटली किंवा रक्त आले, तर तो झाकू नका. घरच्यांना दाखवा, डॉक्टरांना दाखवा. पाठीवरचे आपले आपल्याला दिसत नाहीत, ते एकमेकांचे बघा. आणि कुणाच्या गालावरच्या 'माशीला' हसू नका.

परवा बारकी फोटो काढायला आली. तिने केस कानामागे सारले आणि टाक्यांचा व्रण असलेला गाल पुढे केला. "दादा, हीच बाजू घे," म्हणाली. मालकांनी तो फोटो व्रणासकट छापला आणि माझ्या कपाशेजारी ठेवला. त्याच्याकडे सरळ बघण्याची मला अजून हिंमत होत नाही.