तरंगलेलं डाळिंब, बुडालेलं गाजर

पौषातल्या त्या गुरुवारी वाडीतल्या एकाही घरात चूल वेळेवर पेटली नाही. राणीसावरगावच्या पलीकडची ही पन्नास उंबऱ्यांची वाडी, पण मारुतीच्या पारापुढं उभं राहायला जागा नव्हती. पारावर सत्त्वनाथ महाराज बसले होते. त्यांच्यापुढं पाण्यानं भरलेल्या दोन काचेच्या बरण्या होत्या. पाणी गावच्याच आडाचं, सगळ्यांदेखत भरलेलं. मग रात्रभर महाराजांच्या राहुटीत अनुष्ठानाला ठेवलेलं.

महाराजांनी एका बरणीत डाळिंबाचे दाणे सोडले. ते तरंगले. दुसरीत गाजर सोडलं. ते सरळ तळाला जाऊन बसलं.

"बघितलंत?" महाराज म्हणाले. "देवाघरचं असेल ते वर येतं, मातीतलं असेल ते मातीकडं जातं. फळ आभाळाकडं बघत पिकतं, म्हणून त्यात सत्त्व. गाजर जमिनीत तोंड खुपसून बसतं, त्यात काय असणार? डाळिंब रक्त करतं, नजर देतं. गाजर म्हशीला घाला."

लोकांनी माना डोलावल्या. डाळिंब लाल, रक्तही लाल, तेव्हा डाळिंबानं रक्त होणारच. मग मूठभर कुंकू खाल्लं तरी व्हायला पाहिजे, हे काही कुणाच्या डोक्यात आलं नाही.

गर्दीत कडूबाई उभी होती. तिचा हात धरून सहा वर्षांची कावेरी. दिवस मावळला की कावेरीला दिसेनासं व्हायचं. भिंत धरून चालायची, ताटातली भाकरी चाचपडायची. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखा ठिपका धरला होता. आठवड्यापूर्वीच कडूबाई आणि तिचा नवरा लिंबाजी लेकीला बैलगाडीत घालून गंगाखेडला माधवराव डॉक्टरांकडं गेले होते.

डॉक्टरांनी सांगितलं, "रातांधळं आहे. आत्ता बरं होईल, उशीर केलात तर बुबुळ जाईल. याला माशाचं तेल देतात, पण लढाईमुळं ते विलायतेहून येणं थांबलंय. मिळवायचा प्रयत्न करतो. तोवर रोज गाजर आणि शेवग्याचा पाला तेलात परतून द्या. चुकवू नका."

परतीच्या वाटेवर लिंबाजी गाडी हाकत होता. घर जवळ आल्यावर म्हणाला, "एवढा बैलाचा जीव काढला आन् त्यानं सांगितलं काय, तर गाजर. ते तर आपून म्हशीला बी घालतो."

आमच्याकडं हे असंच. बांधावर उगवतं त्याला औषध म्हणायची माणसाला लाज वाटते. कडूबाईलाही वाटली. म्हणून त्या गुरुवारी गाजर बुडालेलं पाहिलं तेव्हा तिला बरंच वाटलं. आपला संशय खरा होता, असं ती मनाशी म्हणाली.

डाळिंबं महाराजांच्या शिष्याकडंच मिळायची, पायलीभर ज्वारीला एक. लिंबाजीनं बियाण्याची ज्वारी काढली. तीन आठवडे कावेरीनं डाळिंबाचे दाणे खाल्ले आणि मळ्यातली गाजरं मोठ्या श्रद्धेनं म्हशीच्या पुढ्यात पडली. म्हैस चांगली तुकतुकीत झाली.

कावेरीला मात्र उजेड सहन होईना. कडूबाई विचारायला गेली, तर महाराज म्हणाले, "पोरीच्या पोटात जुनी गाजरं साचलीत. ती निघेपर्यंत सत्त्व चढत नाही. डाळिंब वाढवा."

भोगीचा दिवस आला. भोगीला गाजर, वांगी, हरभरा, वाल असं शेतात येईल ते एकत्र करून भाजी करायची, ही रीत. त्या वर्षी वाडीतल्या निम्म्या बायकांनी भाजीत गाजर घातलं नाही. सकाळी कडूबाईनं कावेरीचं तोंड धुतलं आणि तिचे हात जागीच थांबले. उजव्या बुबुळावर दुधाची साय धरावी तसं पांढरं आलं होतं. डोळ्यापुढं बोट नाचवलं, तर पोरगी म्हणाली, "आये, त्या डोळ्यानं काईच दिसना गं."

कडूबाई पोरीला उचलून पाराकडं पळाली. तिथं तोच खेळ चालू होता, त्याच बरण्या, तेच सत्त्व. ती पाया पडायलाच गेली होती, हे मला लपवायचं नाही. वाकली तेव्हा डाळिंबाची बरणी तिच्या डोळ्यांसमोर आली. बरणीच्या बाहेरून पाण्याचा ओघळ वाळून त्याची पांढरी रेघ उमटली होती. दुसऱ्या बरणीवर तशी रेघ नव्हती. कडूबाईनं नखानं ती खरवडली आणि जिभेवर ठेवली.

खारट लागली.

तिला लग्नानंतरची पहिली पेरणी आठवली. पेरणीआधी बी मिठाच्या पाण्यात टाकायचं, पोचट वर येतं, भरलेलं तळाला बसतं. सासूनं चिमूट-चिमूट मीठ घालायला सांगितलं आणि नव्या सुनेनं ओंजळच ओतली. सगळंच बी वर आलं. पोचट समजून तिनं चांगलं बियाणं कोंबड्यांना घातलं. सासूनं चारचौघींत तिचे वाभाडे काढले होते. ती चूक ती जन्मात विसरणार नव्हती.

"महाराज," ती म्हणाली, "हे गाजर ह्या बरणीत सोडू का?"

"बाई, तीर्थ बाटेल."

"बाटू द्या. माज्या लेकीचा डोळा गेलाय."

महाराजांचा हात पुढं येण्याआधी तिनं गाजर डाळिंबाच्या बरणीत सोडलं. ते तरंगलं. मग मूठभर दाणे दुसऱ्या बरणीत टाकले. ते बुडाले.

म्हातारे मुंजाजी काठी टेकत पुढं आले, पहिल्या बरणीत बोट बुडवून चाखलं आणि थुंकले. "आरं, हे तर लोणच्याचं पाणी हाय."

"मीठ घातलं की पाणी जड हुतंय," कडूबाई म्हणाली, "मग कायबी वर येतंय. तरंगलं म्हणजे सत्त्व म्हणायलाय ह्यो. आन् आपून काय करतो? बियाण्यात तरंगतंय ते पोचट म्हणून फेकतो. सगळी वाडी कुणब्याची. तुमाला इसर कसा पडला? मला कसा पडला?" एवढं बोलून ती पारावरच बसली आणि रडायला लागली.

"श्रद्धा नाही तिथं फळ नाही," असं काहीतरी महाराज पुटपुटले. दुपारपर्यंत त्यांची गाडी ज्वारीच्या पोत्यांसकट सोनपेठच्या वाटेला लागली. कुणी अडवलं नाही. बरण्या सोबत होत्याच.

कडूबाई लेकीला घेऊन पुन्हा गंगाखेडला गेली, तोवर डॉक्टरांनी परभणीहून माशाच्या तेलाची एक बाटली मिळवली होती. कावेरीला तपासून ते म्हणाले, "डावा वाचेल."

"उजवा?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग कडूबाईकडं न बघता सांगत राहिले, "डाळिंब वाईट नाही, बाई. त्यात साखर आहे, रस आहे, आजाऱ्याच्या तोंडाला चव येते. पण डोळ्याला जे लागतं ते त्यात नसल्यातच जमा. ते गाजरात आहे, पाल्यात आहे. फळ थोर आणि भाजी हलकी असं काही नसतं. शरीराला काय कमी पडलंय ते बघायचं आणि ते ज्यात असेल ते खायचं."

"तवा ऐकलं असतं तर?"

"तेव्हा दोन्ही डोळे होते," डॉक्टर म्हणाले.

तेलात परतलेलं गाजर रोज ताटात पडू लागलं. फाल्गुनात एका संध्याकाळी दिवा लावायच्या आधी कावेरीनं न चाचपडता भाकरी उचलली आणि म्हणाली, "आये, म्हैस दिसायलीय." कडूबाईनं तिला पोटाशी धरलं. पोरीचा उजवा डोळा पांढराच होता आणि पुढंही तसाच राहिला.

तेव्हा मायबापहो, कुणी बरणीत चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी त्यातल्या पाण्याची चव बघा. त्याला एक बोट पुरतं. कडूबाईनं ती चव तीन आठवडे उशिरा घेतली.