कडं वाजवून बघताना

सरसाचा एक थेंब यायला हवा होता, तो आलेला नव्हता. वाडग्याच्या बाकीच्या सगळ्या सांध्यांतून आले होते — बारीक, वाळून मधासारखे पिवळे झालेले, फाकेला फाक भिडते तिथे ओळीने बसलेले — आणि या एकाच ठिकाणी, शिसवाच्या लाकडाची काळी फाक फणसाच्या पिवळ्या फाकेला लागते तिथे, नुसती कोरडी रेघ.

मुर्तिनीने रेघेवरून नख फिरवलं. नख किंचित अडकलं. म्हणजे काल संध्याकाळी तिच्या वडिलांनी, बापाकनी, सरस लावताना ही बाजू राहून गेली, आणि वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधल्यावर दोन्ही फाका एकमेकींना नुसत्या टेकून राहिल्या. असं होतं, कोणाचंही होतं. आता सांगितलं की वडील करवतीने तो सांधा उघडतील, पुन्हा सरस लावतील, संपलं. सांगायचं तर होतंच... पण थांब जरा, तिच्या मनात आलं, आधी त्यांना वाजवून तर बघू दे. बघू तरी, ऐकू येतंय का.

हे कुतूहल काही आजचं नव्हतं. ईदेच्या सुमाराला बाक्सोवाला, खिम्याच्या गोळ्यांच्या सूपची गाडी ढकलत, दारावरून गेला, नेहमीसारखा बांबूवर टोक-टोक करत, आणि बापाक — बाक्सो म्हणजे ज्यांचा जीव की प्राण, त्या टोक-टोकीवरून जे सांगायचे की हा आपला नेहमीचा कार्जी नव्हे, कोणीतरी नवा दिसतोय — ते खाली मान घालून पटाशीला धार लावत बसले. गाडी वळणापलीकडे गेली. मुर्तिनी दारात उभी होती, हातात पैसे घेऊन, ते हाक मारायला सांगतील म्हणून. त्या दिवसापासून तिला नादच लागला. त्यांच्या मागे उभं राहून चमचा पाडायचा. कोंबडीला हुसकावताना टाळी वाजवायची. लेथ बंद असताना, चालू असताना, डावीकडून, उजवीकडून... हे बरं नव्हे, हे तिला कळत होतं, पण राहवत नव्हतं. त्यांना वाईट वाटावं म्हणून थोडंच करतेय मी, मला फक्त जाणून घ्यायचंय — काय ऐकू येत असेल त्यांना? अगदीच काही नाही, की पाण्यात बुडी मारल्यावर येतं तसं?

इबूला, आईला, ठाऊक असणारच. पण माणसाच्या तोंडावर असलं काही बोलायची रीत आमच्याकडे नाही, त्यातून नवऱ्याच्या तर नाहीच. इबूने काय केलं, तर घरात सगळ्यांशीच ओरडून बोलायला सुरुवात केली, म्हणजे एकट्या बापाकना वेगळं वाटायला नको. मीठ मागायला आलेल्या शेजारणीवरसुद्धा ती खेकसली.

“एवढा आवाज कशाला, इबू? बाई घाबरली ना!”

“घाबरू दे. दर आठवड्याला मीठ नेते ती,” इबू म्हणाली, आणि मग, चुलीकडे तोंड करून, पहिल्यांदाच हळू आवाजात, “तुझे बापाक आता नाकाने ऐकतात. हाका मारून माझा घसा बसतो, पण तेंपेच्या वड्या तेलात सोडल्या की हजर.”

यावर दोघी खूप हसल्या होत्या. हसता हसता इबूने पदराने डोळे पुसले, ते धुराने की कशाने, हे मात्र मुर्तिनीने विचारलं नाही.

एकदा तर दुपारभर तिने स्वतःच्याच कानांत कापूस कोंबला. अनुभव तर घेऊ, म्हणून! तिला वाटलं होतं, जग बंद होईल. तसं काही झालं नाही. कढईतलं तेल गेलं, अंगणातली पाखरं गेली, पण माणसांचे आवाज येत होते, बोथट, शब्दांची टोकं गळालेले. इबू काहीतरी म्हणाली, मुर्तिनीने हो म्हटलं, आणि नको असताना पानात पुन्हा भात पडला. मजा वाटली. इतकी मजा वाटावी याचं मग संध्याकाळी थोडं कसंतरी वाटलं.

“न्दुक, पोरी, आण तो वाडगा,” बापाक म्हणाले.

वाडगा म्हणजे अजून वाडगा कुठला, एकावर एक चिकटवलेली कडी. प्रत्येक कडं फाका जोडून केलेलं, विटांसारखे सांधे चुकवत रचलेलं, आणि सगळ्यात वर कालचं, काठाचं. मुर्तिनीने तो दोन्ही हातांनी उचलून दिला. बापाकनी तो डाव्या तळव्यावर तोलला, बोटाच्या पेराने एकेक कडं वाजवत वर वर आले. टण, टण, टण. चांगला जुळलेला सांधा असाच बोलतो. काठाच्या कड्याशी आले. टण. टण.

थप.

इतकं स्पष्ट, की मांजरानेसुद्धा मान वळवली असती. बापाकचं बोट तिथे थांबलं, की थांबल्यासारखं वाटलं? मग त्यांनी वर बघितलं, मुर्तिनीकडे, जसं ते नेहमीच बघतात, एकेक कडं वाजवून झाल्यावर — बघ, कसं जमलंय, म्हणून लेकीकडे बघतात तसं. आणि तिने चेहरा आवरून धरला. भुवई हलू दिली नाही. परीक्षेत पुढच्याला उत्तर कळू नये म्हणून पाटी झाकतात, तसा झाकून घेतला.

“ठीक आहे,” बापाक म्हणाले.

म्हणजे नाहीच येत! तिला आतून एक विचित्र आनंद झाला, कोडं सुटल्याचा. आता सांगायचं. आता लगेच. पण बापाक वळलेसुद्धा होते, वाडगा लेथवर चढवत होते, आणि ती शब्द जुळवत राहिली... सांध्यात फट आहे म्हणावं तर ते म्हणणार, मी वाजवला ना आत्ता? मग काय म्हणायचं, तुम्ही वाजवलात पण ऐकला नाहीत? बापाकना? तोंडावर? थोडं फिरू दे, फट दिसेलच त्यांना. त्यांचे डोळे चांगले आहेत. डोळे तर अगदी...

मोटर सुरू झाली. पट्टा सरसरला, काळ्या-पिवळ्या फाका फिरता फिरता एकमेकींत मिसळून मातकट झाल्या. बापाकनी पटाशी टेकणीवर ठेवली, वाडग्याच्या पोटाशी लावली, भुसा उडायला लागला. पोटाकडून ते काठाकडे येणार. सांधा सुटून काठाची फाक उडाली की सरळ तोंडावर येते. पलीकडच्या गावातल्या एकाचा डोळा असाच गेला, आणि बापाक तर साध्या चष्म्यावर काम करणारे.

डोळे चांगले आहेत. आणि कान? कान कधीपासून गेलेत? ईदेपासून? छे, तेव्हा फक्त मला कळलं. मग इतके महिने एकही वाडगा फुटला कसा नाही? बहिरा माणूस बोटाने कडी वाजवतो, आणि नेमकी खराब कडी बाजूला ठेवतो — कशी? मी कानांत कापूस घातला होता तेव्हा काय केलं होतं दुपारभर? इबूच्या तोंडाकडे बघत होते. ओठांकडे, भुवयांकडे, ती हसली की हसत होते, कपाळाला आठी पडली की चमचा खाली ठेवत होते... अगं बाई. एकेक कडं वाजवून झाल्यावर ते माझ्याकडे बघतात. कौतुकासाठी नाही बघत. थप वाजलं की माझा चेहरा पडत असणार, मला न कळता, दर वेळी. आणि आज मी तो झाकून घेतला, आणि ते म्हणाले, ठीक आहे.

“बापाक!”

ते पाठमोरे. भुसा उडतोय. पटाशी काठाकडे सरकतेय.

“बापाक! बाजूला व्हा!”

तिने भिंतीकडे झेप घेऊन विजेचा मुख्य खटका खाली ओढला. वाडगा गरगरत गरगरत हळू झाला, काळ्या फाका पुन्हा काळ्या झाल्या. बापाकनी वर दिव्याकडे बघितलं.

“वीज गेली वाटतं. हे वीजवाले लेकाचे...” मग खटक्यावरचा तिचा हात त्यांना दिसला. “काय गं? काय झालं?”

पुढे जाऊन तिने त्या सांध्यावर बोट ठेवलं. बापाकनी चष्मा कपाळावर सरकवला, नख फिरवलं. नख अडकलं. सांध्याच्या कडेचा एक बारीक कपचा निघून त्यांच्या नखाला चिकटला, तो त्यांनी अंगठ्याने झटकला. अंगणात इबू कोणावर तरी ओरडत होती.

“तू होतीस ना उभी,” ते म्हणाले. “मी वाजवला तेव्हा.”

“होते.”

“समोरच होतीस.”

“हो, बापाक.”

रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नव्हते. काहीतरी आठवून बघत होते, मघाचं, तिचा चेहरा बहुतेक, तो पुन्हा डोळ्यांसमोर आणून त्यात आपलं काय चुकलं ते शोधत होते. चूक तुमची नाही, बापाक, मी मुद्दाम... पण हे म्हणायचं तर सगळंच म्हणायला लागणार होतं — चमचा, टाळी, कापूस, आणि तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ते आम्हाला सगळ्यांना माहीत आहे, शेजारणीलासुद्धा. लाज वाटली. आणि त्या लाजेतसुद्धा, काय माणूस आहे मी, तिला जाणून घ्यावंसं वाटलंच की त्यांना आत्ता किती कळलंय.

बापाकनी वाडगा उतरवून फळीवर ठेवला. परवाचा दुसरा उचलला, महोगनीचा, मधलं कडं चिंचेचं. तळव्यावर तोलला. पेराने वाजवत वर आले. प्रत्येक कडं खणखणीत बोललं, कुठे शंकेला जागा नव्हती.

आणि त्यांनी वर बघितलं.

हसावं का? आधी कधी हसत होते मी? की नुसती मान हलायची? जास्त हसलं तर त्यांना कळेल, की मला कळलंय. नाही हसलं तर हा चांगला वाडगा बाजूला जाईल, आणि याच्यानंतरचाही, त्याच्याही नंतरचा... ओठ हलवून बघितले, ते कोणा दुसऱ्याचे असल्यासारखे हलले. बापाक थांबले होते, वाडगा हातात धरून, घाई न करता, तिच्या तोंडाकडे बघत. आणि इतके महिने तिला न विचारता जे आपोआप होत आलं होतं, ते आता तिच्या चेहऱ्याला काही केल्या जमत नव्हतं.