पूल न ओलांडता

आमच्या गाडीला लोक कछुआ म्हणतात. नाव चुकलंय, कासव निदान दिसायला बरं असतं. आठ चाकं, त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी चढवलेले रबरी पट्टे, खाली होडीसारखं बंद पोट आणि वर उघडी बाकडी. ती चिखलात चालते, पाण्यात तरंगते, आणि दोन्हीकडे सारखीच कोकलते. पूर ओसरला की ठेकेदार ती काशीत वरुणा नदीच्या काठच्या दलदलीत उतरवतो, पडलेले विजेचे खांब पाहायला आणि फुटलेल्या पाइपांपर्यंत माणसं न्यायला. चालवते मी. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, दहा वर्षं गॅरेजात हात काळे, आणि आता बत्तिसाव्या वर्षी ही बढती. दूधविनायक गल्लीतल्या आमच्या मराठी बायका अजून विचारतात, "मुक्ता, ते ट्रॅक्टरसारखं काय गं चालवतेस?" मी सांगते, पालखी.

चिखलातले नियम साधे आहेत. थांबायचं नाही, थांबलं की गाळ पोटाला धरतो. झटक्याने वळायचं नाही, पट्टा उतरतो. पाण्यात शिरताना नाक सरळ ठेवायचं. आणि निघण्याआधी खाली वाकून पोटाची बुचं घट्ट आहेत ना ते पाहायचं. वामनद्वादशीच्या सकाळी मी ती दोनदा पाहिली, कारण त्या दिवशी शेजारी माझे वडील बसणार होते आणि मला ते पलीकडे धडधाकट पोचायला हवे होते.

वडील म्हणजे ढुंढिराजशास्त्री, आमचे अण्णा. वय शहात्तर. पाठशाळेत जन्मभर धर्मशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर, अठरा वर्षांपूर्वी, त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला. म्हणजे मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही. उत्तरेला वरुणा, दक्षिणेला असी, पूर्वेला गंगा. हद्दीच्या आत मेलं की मोक्ष, बाहेर मेलं की पुन्हा पहिल्यापासून. पुढे काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे नेले, पण रिक्षात बसले की अण्णा कान टवकारून असतात. पुलाच्या सांध्यांवरून चाकं जाताना जो धडधड आवाज येतो ना, त्याच्यावर त्यांचा सगळा मोक्ष अवलंबून. पुढच्या गाड्यांचा तो आवाज कानावर आला की ते रिक्षावाल्याला बरोबर अलीकडेच थांबवतात. गल्लीत त्यांच्या या कानांचं फार कौतुक आहे.

व्रताच्या दुसऱ्या वर्षी आईच्या किडन्या गेल्या. नर्सिंग होम वरुणापार होतं, पुलापासून रिक्षाने दहा मिनिटं. मी सोळा वर्षांची. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा आई मला म्हणाली, "मला पुलाच्या अलीकडे ने. घरापर्यंत नको, नुसतं अलीकडे." तिचाही त्या हद्दीवर विश्वास होता. अण्णांच्या व्रताचा स्वयंपाक तीच तर करत होती. नर्सिंग होमवाले म्हणाले, "पति को बुलाइए. सामने आकर दस्तखत करें, तब ले जाइए." अण्णांनी कागदावर सही करून पाठवली, ती चालली नाही. माझी सही चालण्याइतकी मी मोठी नव्हते.

आई दर तासाने विचारायची, "शरदिनीचे आले का गं?" शरदिनी ती स्वतःच, शरदिनीचे म्हणजे अण्णा; ताप डोक्यात गेला होता. मी अण्णांना फोन केला. रडून झालं, भांडून झालं. शेवटी विचारलं, "तिला सांगू तरी काय?" अण्णा म्हणाले, "सांग, येताहेत. पुलावर पोचलेत."

तीन दिवस मी तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली, पुलाच्या पलीकडेच. मेल्यावर मात्र कुणी सहीसाठी अडवलं नाही. मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावर आम्ही पोचलो तर अण्णा आमच्या आधी हजर होते, स्वच्छ धोतर नेसून, शांत चेहऱ्याने.

त्यानंतर सोळा वर्षं मी त्यांना वेळेवर जेवायला वाढलं. चांगली मुलगी आहे असं लोक म्हणतात.

यंदा पुराने संगमाच्या घाटावर मांडीभर गाळ टाकला. अण्णा दर वामनद्वादशीला वरुणासंगमावर जातात, आदिकेशवाच्या देवळाच्या पायथ्याशी, म्हणजे हद्दीच्या अगदी आतल्या काठावर. यंदा कुणी न्यायला तयार होईना. आदल्या दिवशी ताटावर बसल्या बसल्या ते म्हणाले, "तुझी ती गाडी चिखलातून जाते म्हणतात."

"जाते."

"मग मला संगमावर नेशील का? फक्त कुठल्याही पुलावरून नेऊ नकोस."

"पूल ओलांडणार नाही. शब्द देते," मी म्हटलं.

शब्द मी पाळला. ते कुणालाही विचारा.

सकाळी आठला राजघाटाखालून गाडी कछारात, नदीकाठच्या पूरपट्ट्यात, घातली. रात्रीत वरून सुकलेल्या गाळाची पापडी पट्ट्यांखाली फुटत होती आणि खालून काळा राडा वर येत होता. मोडलेल्या वेली, चपला, एक लोखंडी खाट. डावा दांडा ओढला की डावा पट्टा अडतो आणि गाडी डावीकडे वळते, उजवा ओढला की उजवीकडे. मी दोन्ही जपून ओढत होते. अण्णांनी एका हाताने कठडा धरला होता, दुसऱ्यात तांब्याचा गडू. हादरे बसत होते तरी माणूस खूश होता. पूर्वी याच वाटेने ते पायी यायचे, ते सांगत होते. माझ्याशी इतकं ते वर्षभरात बोलले नव्हते.

संगमाजवळ वरुणा फुगून पसरली होती. कुठे काठ संपतो आणि कुठे पाणी लागतं हे डोळसालाही कळलं नसतं. मी नाक सरळ ठेवलं आणि गाडी पाण्यात सोडली. हादरे थांबले. पट्टे पाणी मागे लोटू लागले आणि आम्ही माणसाच्या चालीने सरकू लागलो.

"हलकं लागतंय गं," अण्णा म्हणाले.

"गाळ पातळ आहे इथे."

"ऊन उजव्या गालावर आहे. म्हणजे उत्तरेला तोंड. फार पुढे नको नेऊ."

"संगम यायचाय अजून."

 कान टवकारलेले होतेच, पण ते पुलासाठी. तरंगणाऱ्या गाडीबद्दल त्यांच्या शास्त्रात काही नव्हतं. पाच मिनिटांनी पुढची चाकं टेकली, नाक वर झालं आणि कछुआ कोकलत पलीकडच्या काठावर चढला. पट्ट्यांना पेलेल अशी जरा घट्ट जागा पाहून मी थांबले.

वाकून शेजारच्या खळग्यात साचलेल्या नदीच्या पाण्याने गडू भरून त्यांच्या हातात दिला. अण्णांनी आचमन केलं आणि खणखणीत आवाजात संकल्प सुरू केला. अविमुक्त वाराणसी क्षेत्रे, आनंदवने, महाश्मशाने. त्यांचा चेहरा इतका निवला की मला क्षणभर गाडी गुपचूप माघारी न्यावीशी वाटली. मग आठवलं, मणिकर्णिकेवर हाच चेहरा होता. मी त्यांना शेवटपर्यंत म्हणू दिलं.

"अण्णा," मी म्हटलं, "देशोच्चार चुकला."

संकल्पात आपण कुठे बसलोय ते आधी सांगावं लागतं. ते चुकलं की पुढचं सगळं वाया. त्यांनीच मला शिकवलं होतं.

"काय चुकला?"

"हे वाराणसी क्षेत्र नाही. आपण वरुणापार आहोत."

"पूल कुठे लागला?"

"नाहीच लागला. गाडी तरंगते, अण्णा. मघाशी हलकं लागलं ना, ती वरुणा होती."

त्यांच्या हातातला गडू कलंडला आणि पाणी धोतरावर सांडलं. सोळा वर्षं मी याच हाताची वाट पाहत होते. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ते जेमतेम दोन मिनिटं टिकलं. अण्णा सावरले, ताठ बसले आणि वर्गात बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "अजाणता घडलं. दोष अल्प. एक दिवस उपास, पंचगव्य, आणि पुन्हा संकल्प. व्रत राहतं. चल, वळव गाडी."

एक दिवस उपास.  मग सहज विचारावं तसं विचारलं, "आणि कुणी जाणूनबुजून ओलांडली तर?"

शास्त्रीबुवांना प्रश्न विचारला की उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. "तर प्राजापत्य कृच्छ्र. बारा दिवस. तीन दिवस फक्त सकाळी जेवायचं, तीन दिवस फक्त संध्याकाळी, तीन दिवस न मागता मिळेल तेवढंच, आणि शेवटचे तीन दिवस कडकडीत..."

पुढचा शब्द त्यांच्या तोंडातच राहिला.

"बारा दिवस," मी म्हटलं. "आईच्या वेळी हे माहीत होतं?"

"शिकवायचो मी ते."

"मग का नाही आलात?"

त्यांनी धोतरावरचं पाणी झटकलं. "व्रताला दोन वर्षंही झाली नव्हती," ते म्हणाले. "गल्लीत काय तोंड दाखवलं असतं?"

इतकी वर्षं मी समजत होते की त्यांनी मोक्षासाठी आईला सोडलं. त्याचा मला राग होता, पण मोक्ष म्हणजे निदान काही मोठी चीज तरी आहे. त्यांनी तिला गल्लीसाठी सोडलं होतं.

मी इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून घेतली.

"बंद का केलीस?"

"आता तुम्हाला माहीत आहे ना आपण कुठे बसलोय? म्हणजे आता जाणूनबुजून बसलाय. बसा."

"मुक्ता, मला अलीकडे ने."

"तीन दिवसांनी बघू."

 अण्णा कठडा चाचपत उठले, ऊन डाव्या गालावर येईल असं तोंड फिरवलं आणि खाली उतरले. दिशा अगदी बरोबर होती, तेवढं त्यांना देते. पहिल्या पावलाला गुडघ्यापर्यंत गेले, तिसऱ्याला मांडीपर्यंत. चौथं पाऊल निघेना. जितकं ओढत तितका गाळ त्यांना धरत होता. गडू हातातून सुटला आणि चिखलात बसला. वरुणा तिथून वीस पावलांवर होती, मी दोन हातांवर.

"मुक्ता," त्यांनी माझ्या दिशेने हात पुढे केला. "कुणी आहे का जवळ? कुणाला तरी बोलाव."

पलीकडे आदिकेशवाची घंटा वाजत होती. मी किल्ली मुठीत धरली आणि म्हटलं, "येताहेत. पुलावर पोचलेत."

अण्णांनी हात खाली घेतला. आई दर तासाने विचारायची. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.