मोळीतला दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. पण त्याआधी मी झाड होतो, आणि तेही फुलणारं. हे मी जरा तोऱ्यातच सांगतो.

माझं कुळ येण्याआधी रान नुसतं हिरवं होतं. नेचे होते, सुयांसारख्या पानांची उंच झाडं होती, पण फूल औषधालाही नव्हतं. त्या झाडांचं बी उघड्यावर असायचं. आमच्या पूर्वजांनी बी फळात झाकलं, पाकळ्या मांडल्या आणि किड्यांना मधाचं आवतण धाडलं. मग काय, कुळ पसरतच गेलं. कुणी वेल झालं, कुणी पाण्यातलं कमळ. गवतानं पाकळ्यांचा थाट सोडून वाऱ्याशी सोयरीक केली. सोलापूरकरांच्या भाकरीची ज्वारी त्याच घरची. गिरणीत ज्याचं सूत होतं तो कापूसही आमचाच.

मी मात्र तळ्याच्या गाळात पडलो आणि वर लाव्हा पसरला. पाणी झिरपत राहिलं, माझा कण न् कण दगड झाला. साल, गाठी, रेषा तेवढ्या जशाच्या तशा राहिल्या.

कोट्यवधी वर्षे मला कुणी विचारलं नाही. काही वर्षांपूर्वी, एकोणीसशे तीसच्या सुमारास, अक्कलकोटच्या वाटेवरच्या माळावर तानाबाईनं मला उचललं. ती मेंढपाळाच्या घरची, सरपण विकणारी. जड लाकडाचा निखारा टिकतो, म्हणून खूश होऊन तिनं मला बाभळीच्या मोळीत खोचलं. मोळी नेहमीप्रमाणे विणकराच्या घरच्या सुंदरम्मांनी घेतली.

चुलीत मी तापलो, पण पेटलो नाही. पुढच्या बाजाराला सुंदरम्मांनी मला सगळ्यांसमोर तानाबाईपुढे आदळलं. मोळी जड भरावी म्हणून तू दगड घातलास, असं त्या म्हणाल्या. बाकीची गिऱ्हाइकंही मागं सरली. तानाबाईचा चेहरा उतरला. तिच्या सरपणाला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं, आणि त्या नावावरच तिची चूल पेटत होती.

"अक्का, म्या लाकूडच घातलं व्हतं," एवढंच ती म्हणाली.

शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवणारे भीमाशंकर मास्तर तिथं सरपण घ्यायला आले होते. त्यांनी मला उचललं, खिशातलं भिंग काढलं आणि माझ्या तुटक्या टोकावरची बारीक भोकं सुंदरम्मांना दाखवली. यांतून झाडाला पाणी चढायचं, अशी भोकं फुलणाऱ्या झाडांच्या लाकडात असतात, असं समजावलं. मग म्हणाले, "हे लाकूडच आहे, बाई. फक्त त्याचा दगड होऊन फार काळ लोटलाय."

सुंदरम्मा बराच वेळ भिंगातून पाहत राहिल्या. "चुकलं माझं, तानाबाई," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या आणि तिचीच दुसरी मोळी त्यांनी घेतली. माझी छाती अभिमानानं भरून आली. उभ्या जन्मात मी एकदाच साक्ष दिली, पण खरी दिली.

मास्तरांना मी शाळेसाठी हवा होतो. तानाबाई म्हणाली, "मोळी अक्कांनी घेतली, तवा त्यो बी त्यांचाच की." तेव्हापासून मी सुंदरम्मांच्या तुळशीपाशी आहे.

मित्रांनो, रानातला दगड फोडण्याआधी नीट बघा, आणि माणसाला खोटं ठरवण्याआधी तर जरूर बघा. तानाबाई मोळी टाकायला येते तेव्हा वाटेत खुडलेलं तरवडाचं पिवळं फूल माझ्यावर ठेवते. कोट्यवधी वर्षांनी मी पुन्हा फुलतो.